शुद्धिपत्रातलं नाव

माझ्या मुलाचं नाव छापून आलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं.

तो नऊ दिवसांचा होता. परळच्या आमच्या घरात दुपट्यात गुंडाळलेला, जगाबद्दल अजून फारसं मत नसलेला. हॉस्पिटलने त्याच्या पायाला बांधलेली पट्टी मी कापून फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. एवढ्यावर त्याचं छान चाललं होतं. त्या दुपारी गिरगावातून माझ्या मोठ्या काकांकडून पेढ्यांचा बॉक्स आला आणि बॉक्सखाली एक जाड पुस्तक. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, सुधारित आवृत्ती. आत लाल रिबीन घातलेली. रिबिनीच्या पानावर वंशवृक्ष होता, आणि एका फांदीच्या टोकाला माझा मुलगा होता. त्याच्या चौकटीत नाव छापलं होतं माझ्या पणजोबांचं.

हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं.

ज्यांच्या घरी कुलवृत्तांत नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगते. पहिल्या पानावर एक मूळ पुरुष कोकणातून घोड्यावर बसून निघतो. घोडा त्याला कुठून मिळाला हे कुणी विचारत नाही. मग त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांच्या नोकऱ्या, असं पुस्तकभर. मुली असतात, पण एका ओळीपुरत्या: नाव, शिक्षण, आणि 'अमुक घराण्यात दिली'. दिली की पुस्तकातून गेली. सुना सासरच्या नावाने असतात, पुढे कंसात माहेरचं नाव, मिळालं तर. आमचे बहुतेक पूर्वज मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये कारकून होते, पण पुस्तकात एकही कारकून नाही. सगळे 'जबाबदारीच्या पदावर'. पणजोबांनी तर गोऱ्या साहेबाला तोंडावर सुनावलं होतं म्हणे. ते प्रकरण त्यांच्या पुढच्या बढत्यांमध्ये कुठे आडवं आलेलं दिसत नाही.

काका या पुस्तकाच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या दोन्ही मुली अमेरिकेत दिलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील. ते गेले, आणि मागे त्यांचं मूल म्हणून मी एकटी. थोडक्यात, अध्यक्षांच्याच शाखेपुढे 'वंश खुंटला' असं छापायची वेळ आली होती. मला दिवस गेल्याचं कळल्यावर काकांनी शेवटचा फर्मा छापखान्यात थांबवून ठेवला. आपल्याकडे सोनोग्राफीत काही सांगत नाहीत, त्यामुळे त्यांना पूर्ण नऊ महिने थांबावं लागलं. मुलगी झाली असती तर फर्मा त्याच दिवशी सुटला असता, आणि आम्ही सगळे सुखात राहिलो असतो.

आता नवऱ्याबद्दल. तो स्वीडनच्या उत्तरेकडचा, जहाजांच्या इंजिनांवर काम करणारा. माझगावच्या बाजूला कामासाठी सहा महिन्यांकरता आला, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत त्याने काही मागितल्याचं मला आठवत नाही. लग्नात दोन तास पाटावर मांडी घालून बसला आणि नंतर चार दिवस जिना एकेक पायरी उतरला, पण बोलला नाही. मराठी तो बरी बोलतो; त्यातला त्याचा आवडता शब्द 'चालेल'. भात कच्चा राहिला, चालेल. पाहुणे आठवडाभर राहणार, चालेल. त्याच्या तोंडी हा शब्द किती धोक्याचा आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्याची आई तो लहान असताना गेली, वडील दुसरीकडे संसाराला लागले. त्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला आजोबांनी वाढवलं. आजोबा लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होते. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीत गेलेली, पण त्याच हाताने ते नातीच्या वेण्या घालायचे. मी चौथ्या महिन्यात असताना ते गेले. स्वीडनमध्ये अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी करतात, त्यामुळे आम्ही वेळेवर पोचलो. चर्चमध्ये आम्ही धरून नऊ माणसं. पाद्रीबाई पाच मिनिटं बोलल्या, नंतर कॉफी आणि केक. हार नाहीत, सत्कारमूर्ती नाहीत, मृताने कोणाला तोंडावर सुनावल्याची कथा नाही. इतकी स्वच्छ सभा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

परतल्यावर एकदा भांडी पुसता पुसता नवरा म्हणाला, "एक विचारू? मुलगा झाला तर आजोबांचं नाव ठेवूया का?"

सात वर्षांतली पहिली मागणी. मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं, प्रश्न संपला.

हे नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्यावर इतक्या लोकांनी इतकी मतं दिली आहेत, की आता ते त्याच्या मालकापाशीच राहू दे. एवढंच सांगते की ते साधं, जुनं, गिरणी कामगाराचं नाव आहे. स्वीडनमध्येसुद्धा हल्ली कुणी ठेवत नाही. आपल्याकडे एखाद्या तान्ह्याचं नाव धोंडू ठेवावं, तसं काहीसं.

नावाची बातमी फुटल्यावर याद्या येऊ लागल्या. मैत्रिणी, मावश्या, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका, सगळ्यांकडे 'दोन्हीकडे चालेल' अशी नावं तयार होती. आखूड, गुळगुळीत, कुठल्याच गावातली न वाटणारी. विमानतळावर अ‍ॅडॉप्टर मिळतात, सगळ्या देशांच्या प्लगांना बसणारे, तशी. आम्हाला मूल होणार होतं, चार्जर नव्हे. मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

आठव्या महिन्यात काकांनी आम्हाला गिरगावात बोलावलं. तिसऱ्या मजल्यावर मला चढवलं, याचा अर्थ विषय गंभीर होता. काकूने पन्हं दिलं. काकांनी चष्मा पुसला.

"जावईबापू, तुमच्याकडे नाव ठेवायची पद्धत काय?"

"टॅक्स ऑफिसला कळवतो," नवरा म्हणाला. "तीन महिन्यांत."

काका ताठ झाले. "टॅक्स ऑफिसला? बघ. शिस्त म्हणतात ती ही."

स्वीडनबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदाच आदर उमटलेला मी पाहिला. मग त्यांनी समितीचा ठराव वाचून दाखवला. मुलगा झाल्यास, विशेष बाब म्हणून, मुलीचा मुलगा असूनही, त्याची नोंद वंशवृक्षात करण्यात यावी. मात्र त्याचं नाव पणजोबांचं ठेवावं, म्हणजे शाखा तिथून पुढे चालली असं धरता येईल.

"आणि माझी नोंद?" मी विचारलं.

"तुझी आहे की. एम.ए., दिली."

"कुठे दिली?"

"स्वीडनला," काका म्हणाले. "परळ असं कसं लिहिणार?"

"काका, आमचं नाव ठरलंय. ह्याच्या आजोबांचं."

"अगं, ते आहेच. ते पासपोर्टवर घाला. पोरगा पासपोर्टने स्वीडिशच होणार ना? आमचं काही म्हणणं नाही. पण घराण्यात नाव घराण्यातलं हवं. जावईबापू, तुमचं काय मत?"

नवऱ्याने पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "चालेल," तो म्हणाला.

टॅक्सीत मी विचारलं, खरंच चालेल का. तो बाहेर बघत होता. "काका म्हातारे आहेत, त्यांना वाईट वाटेल. आजोबा गेले. गेलेल्या माणसाला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. त्याच टॅक्सीत मी ठरवलं की वाईट वाटायची पाळी ह्या खेपेस काकांची.

मुलगा झाला. काकांनी जन्मवेळ मागवली. मी हॉस्पिटलच्या घड्याळातली कळवली, जे सात मिनिटं पुढे होतं. गुरुजींनी त्यावरून एक अक्षर काढून दिलं, आणि ते पणजोबांच्या नावाशी जुळेना. "ते पत्रिकेपुरतं," काका म्हणाले. म्हणजे ग्रहताऱ्यांना मुरड घालता येत होती, फक्त समितीला नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी बहुधा सरळ छापखान्यालाच फोन केला असावा. बारशाआधीच नाव छापून मोकळं व्हायचं, ही चूक आमच्याच घराण्याला सुचू शकते. त्यांच्या लेखी मूल ही प्रुफं तपासून झाल्यावर उरलेली औपचारिकता होती.

तर नवव्या दिवशी पुस्तक आलं. माझी आई दादरहून रोज यायची, ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी रिबिनीचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. वडिलांच्या चौकटीतून एक रेघ निघत होती आणि थेट माझ्या मुलाच्या चौकटीत उतरत होती. मधला काही भाग ठिपक्यांचा होता. सात ठिपके. मी मोजले. ते ठिपके म्हणजे मी. नवरा तर ठिपक्यांतही नव्हता. मूल जणू कुरिअरने आलं होतं.

आईने चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं. ती ठिपके बघत नव्हती. वडिलांच्या चौकटीत खाली तिचं नाव होतं, पुढे कंस, आणि कंसात एक आडवी रेघ. माहेरचं नाव: —.

माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, तशी रीत. मामांकडे गेलो की आई वेगळ्याच नावाच्या हाकेला उठायची, आणि लहानपणी मला वाटायचं की तिथे तिची जुळी बहीण राहते.

"काकांना तुझं नाव ठाऊक नाही?" मी म्हटलं.

"ठाऊक आहे की. लग्नपत्रिका त्यांनीच छापली होती." तिने पुस्तक मिटलं. "ताटातलं नाव वाचायला मी वाकले होते बघ. लोकांना वाटलं, नमस्कार करते आहे."

नंतर बाळाचं दुपटं बदलायला लागली.

दहाव्या दिवशी नवऱ्याची बहीण आली. ती तिच्या शहरात बस चालवते. हे समजून घ्यायला आमच्या नातेवाइकांना वेळ लागला. "म्हणजे बसची कंपनी आहे?" काकूने विचारलं. "नाही, बस आहे," नवऱ्याने सांगितलं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाली, "एवढी उंच आहे, दुसरं काहीतरी मिळालं असतं गं."

बारशाचा हॉल काकांनी दादरला परस्पर बुक केला होता. लालबागच्या डेकोरेटरकडून पाळणा आला होता, मोराच्या आकाराचा. पिसाऱ्यात दिवे, आणि बटण दाबलं की मोर मान हलवायचा. मागे फ्लेक्स, त्यावर पणजोबांचा पगडीतला फोटो आणि त्यांचं नाव, खाली 'शुभागमन'. मुलाचा फोटो कुठेच नव्हता. पाळण्याजवळ पुस्तकाच्या प्रकाशनासाठी वेगळं टेबल. समितीचे चार सदस्य शाली पांघरून बसले होते. कोणी कोणाला शाल घातली ते मला दिसलं नाही. मला वाटतं त्यांनी एकमेकांना घातल्या असाव्यात.

नवरा नव्या कुडत्यात बाळाला घेऊन उभा होता. तो फ्लेक्स वाचत होता. देवनागरी त्याला येते, पण सावकाश. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचल्यावर त्याने बाळाचं टोपडं सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडे नाव कुणी का ठरवेना, ते ठेवते मुलाची आत्या. ती बाळाच्या कानात नाव सांगते, त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि मग ती नाव सगळ्यांना ऐकवते. ह्यात अध्यक्षांना काही काम नाही. काकांनी ह्यावरही तोड काढली होती. माझ्या एका लांबच्या चुलत बहिणीला त्यांनी आत्या म्हणून उभं केलं. "ह्या बाई परदेशी," ते माइकवरून म्हणाले. "त्यांना आपले विधी कळायचे नाहीत, म्हणून सोयीसाठी."

मी उठणार होते. टाके ओढले गेले तरी उठणार होते, वाक्य तयार होतं, चांगलं झोंबणारं. पण त्याआधी आई उठली. तिने बस चालवणाऱ्या बाईचा हात धरला आणि तिला पाळण्यापाशी नेलं. आईचं डोकं तिच्या खांद्याच्या खाली येत होतं.

"भाऊजी," आई म्हणाली, माइकशिवाय. "नाव आत्याने ठेवायचं असतं. आत्या ही आहे."

"अहो, पण त्यांना सगळं समजावून—"

"समजावलंय मी. तुमचीच रीत आहे, मोडायची कशाला?"

चुलत बहीण आनंदाने खाली बसली. तिला धपाट्यांची धास्ती होती. आत्या वाकली. ती इतकी वाकली की मोराची मान तिच्या कानाला लागली. माझ्या मुलाच्या कानात ती काय म्हणाली ते मला आधीच ठाऊक होतं, कारण दोन दिवसांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं: तुझ्या आजोबांचं ठेव. ती तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली होती. नवऱ्याला आम्ही दोघींनी सांगितलं नव्हतं.

बायकांनी पाठीत धपाटे घातले आणि हात चोळत मागे सरल्या. ती पाठ नेहमीच्या आत्यांची नव्हती. स्टिअरिंग फिरवून ती चांगली कमावलेली होती. मग आत्या सरळ उभी राहिली आणि पुढचा थांबा सांगावा तशा आवाजात, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, तिने ते नाव सांगितलं. गिरणी कामगाराचं. दोन बोटं गेलेल्या हाताने वेण्या घालणाऱ्याचं.

मोर मान हलवत राहिला, त्याचं बटण कुणाला सापडेना. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान वर करून छतावरच्या पंख्याकडे बघत होता. हॉलमध्ये एसी होता, पंखा बंद होता. तो बराच वेळ बघत होता.

मग मागून एका आजीबाईंनी विचारलं, "काय ठेवलं गं?" आईने वळून सांगितलं. पहिल्याच खेपेला, न अडखळता. म्हणजे तिने घरी सराव केला होता.

घुगऱ्यांचे द्रोण फिरायला लागल्यावर काका माझ्याजवळ आले. शाल एका खांद्यावरून घसरली होती.

"आता पुस्तकात एक आणि पोराचं दुसरंच. काय करायचं?"

"पुस्तक चुकलं, काका."

"कुलवृत्तांत चुकत नसतो."

"मग शुद्धिपत्र कशाला असतं?"

"ते मुद्रणदोषांसाठी. हा काय मुद्रणदोष आहे?"

"मी सात ठिपके आहे," मी म्हटलं. "मला तरी तो मुद्रणदोषच वाटतो."

काकांनी शुद्धिपत्राला साफ नकार दिला. समितीची बैठक घेतली, त्यात पुन्हा नकार दिला. पण एक गोष्ट ते विसरले. पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या घरी मावत नाहीत म्हणून बारशानंतर टेम्पोतून आईच्या घरी नेले होते, दादरला. वाटपाचं काम बायकांनी करायचं असं ठरलं होतं.

आईने शुद्धिपत्र स्वतः लिहिलं. तिच्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळालेलं आहे. खालच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या, पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली. आम्ही चौघं जमिनीवर बसलो, मधे बाळ झोपलेलं. आत्या पट्ट्या मोजून द्यायची, नवरा खळ लावायचा, अगदी इंजिनाला ग्रीस लावावं तसा, कडेला एक थेंब बाहेर न येता. मी आणि आई चिकटवायचो. पट्टीवर तीन ओळी. ठिपक्यांच्या जागी माझं आणि माझ्या नवऱ्याचं नाव वाचावे. पणजोबांच्या नावाच्या जागी मुलाचं खरं नाव वाचावे. तिसरी ओळ मी चिकटवताना पाहिली: कंसातल्या रेघेच्या जागी आईचं जुनं नाव. ते लिहिताना तिने पेन बदललेलं दिसत होतं, झेरॉक्समध्येही ती ओळ गडद उठली होती.

पुस्तकं घरोघरी पोचल्यावर काकांचा फोन आला. आई फक्त ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भाऊजी, हवं तर ओलं फडकं फिरवून काढा. खळ चांगली आहे, पान फाटेल." कुणी काढलं नसावं. काका अजून आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, आणि माझ्या मुलाचा उल्लेख 'तो' असा करतात. चालेल.

तो आता तीन वर्षांचा आहे. लोक मला अजून अधूनमधून विचारतात की इतकं अवघड नाव का ठेवलं, मोठेपणी त्याला त्रास होईल. मी म्हणते, झाला तर होईल, नाव त्याचं आहे, तो बघेल. आईला विचारलं तर ती वेगळंच सांगते. पणजोबा म्हणजे तिचे आजेसासरे. त्यांचं नाव तिने लग्नानंतर कधी तोंडातून काढलं नाही. "ते नाव घेऊन मी पोराला ओरडणार कशी होते?" ती म्हणते. "पोर वाढवायचं की पूजायचं?"

आणि ओरडायची संधी तो तिला रोज देतो. काल त्याने तिचा चष्मा पिण्याच्या माठात टाकला. आई स्वयंपाकघराच्या दारातून ते नाव घेऊन अशी गरजली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आतल्या खोलीत नवरा दचकून खुर्चीतून उठला. आजोबांना एवढ्या मोठ्याने कुणीच कधी रागावलं नव्हतं, तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन उभा राहिला, पुन्हा ऐकायला मिळतं का म्हणून.